पाच मिनिटं आणि तीन घंटा: आमच्या बंद पडलेल्या व्हिडिओ स्पीड डेटिंगची गोष्ट

घोडबंदरचा_वाटसरू

मंडळी, परवा माळा आवरताना पितळी टोल हाताला लागला. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून घेतलेला, लाकडी हातोडीसकट. आमच्या स्टार्टअपची हीच एक वस्तू उरली आहे. बाकी सगळा संसार भाड्याच्या सर्व्हरवर होता, भाडं भरणं थांबवलं आणि तो पुसला गेला. टोल पुसून परत माळ्यावर टाकायचा जीव होईना, म्हणून हा धागा.

२०२१ चं साल. आम्ही तिघे मित्र, तिघेही सॉफ्टवेअरवाले, तिघेही बिनलग्नाचे. (एकाचं मधल्या काळात जमलं. आमच्या ॲपवर नाही, आत्याच्या ओळखीतून.) बाहेर भेटायची सोय नाही, विवाहमंडळांची कार्यालयं बंद, आणि स्थळांच्या संकेतस्थळावर तेच ते फोटो. आमचा बेत साधा होता. गुरुवारी रात्री ९ वाजता १२ मुलगे आणि १२ मुली ऑनलाइन यायचे. प्रत्येकाने प्रत्येकीशी ५ मिनिटं व्हिडिओवर बोलायचं. वेळ संपली की समोरचा माणूस आपोआप बदलणार. शेवटी ज्यांच्याशी पुन्हा बोलावंसं वाटेल त्यांच्या नावापुढे खूण करायची. दोन्हीकडून खूण आली तरच निरोपाची खिडकी उघडायची. फोन नंबर कुणालाच दिसत नव्हता.

यात आमचं डोकं काहीच नाही. स्पीड डेटिंग १९९८ साली लॉस एंजेलिसकडे याकोव डेयो नावाच्या रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, सुरू केलं. जागा बेव्हर्ली हिल्समधलं कॉफीचं दुकान. हेतू काय, तर आपल्या समाजातल्या मुलामुलींची लग्नं समाजातच जमावीत! वेळ संपल्याची खूण म्हणून पुरीम सणाला वाजवतात तो खुळखुळा गरगर फिरवायचे. म्हणजे आपण ज्याला परदेशी थेर समजतो तो मुळात ज्ञातीचा वधूवर मेळावाच निघाला. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्या मंडळात नाव नोंदवायला तुला काय झालं होतं?"

आमच्याकडे खुळखुळ्याच्या जागी सुरुवातीला एक बझर होता. इंटरनेटवर फुकट मिळालेला, प्रश्नमंजुषेत चुकीचं उत्तर दिल्यावर वाजतो तसला. पहिल्याच गुरुवारी एक मुलगी "मला खरं तर ना..." एवढं म्हणाली आणि भॉंऽऽ. पडदा बदलला. तिला खरं तर काय, ते त्या मुलाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने दुसऱ्या दिवशी आम्हाला मेल करून विचारलं. आम्ही काय सांगणार?

म्हणून मग टोल आणला. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून मोबाइलवर तीन ठोके रेकॉर्ड केले. एक मिनिट उरलं की पहिली घंटा, वीस सेकंदं उरली की दुसरी, आणि तिसरीला समोरचा गेला. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका विचारायला आले, घरात काही शांत वगैरे घातली होती का.

त्या तीन घंटांनी जेवढा फरक पडला तेवढा आम्ही लिहिलेल्या हजारो ओळींच्या कोडने पडला नाही. का, ते माझ्या परीने नंतर सांगतो. आधी तुम्ही विचारा.

---

नौपाड्याची_नात

पहिली!

गडकरी रंगायतनला तिसरी घंटा झाली की नाटक सुरू होतं. तुमच्याकडे संपायचं. कठीण आहे.

---

खाडीपलीकडचा

छान लिहिलंय. मी महापेला नेटवर्कचं काम करतो, म्हणून आतली चौकशी. दोन मोबाइलची थेट जोडणी होती का मधे रिले, म्हणजे एकाचा डेटा दुसऱ्याकडे पोचवणारा सर्व्हर? आणि किती कॉल लागायचेच नाहीत?

---

घोडबंदरचा_वाटसरू

@खाडीपलीकडचा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

वेबआरटीसी वापरलं होतं. गूगलने ते २०११ मध्ये सगळ्यांना खुलं केलं, त्यामुळे आमच्यासारख्या तिघांनाही ब्राउझरमध्ये व्हिडिओ कॉल बांधता येतो. कागदावर दोन मोबाइल थेट एकमेकांशी बोलतात आणि आपल्या सर्व्हरवर काही भार येत नाही. प्रत्यक्षात मोबाइल डेटावर शेकडो गिऱ्हाईकं एकाच इंटरनेट पत्त्यामागे दडलेली असतात. दोघंही मोबाइल डेटावर असले की थेट वाट बरेचदा सापडतच नाही. मग रिले सर्व्हर लावा आणि त्यातून जाणाऱ्या डेटाचे पैसे आपण भरा. सेकंदाला एक मेगाबिट धरलं तरी ५ मिनिटांत एका बाजूचे साडेसदतीस एमबी होतात. गुणिले दोन बाजू, गुणिले १२ जोड्या, गुणिले १२ फेऱ्या. जवळजवळ अकरा जीबी, एका गुरुवारचे. चित्राचा दर्जा उतरवून आम्ही तो आकडा निम्म्याच्या खाली आणला. चेहरे जरा पुसट दिसायचे. त्याबद्दल तक्रार एकाचीही आली नाही!

पण खरा घोळ जोडणीला लागणाऱ्या वेळात होता. साध्या कॉलमध्ये सात-आठ सेकंदं "हॅलो, ऐकू येतंय का" यात गेली तरी चालतं. इथे एकूण ५ मिनिटं, आणि तो प्रकार तासाभरात बारा वेळा. म्हणून चालू संभाषणाची दुसरी घंटा झाली की पुढच्या माणसाशी जोडणी मागच्या मागे करून ठेवायचो, फक्त आवाज आणि चित्र बंद. ही युक्ती आमच्यातल्या सगळ्यात आळशी मित्राची.

---

सीवूड्सची_सुगरण

आयडी नवा काढलाय, कारण लगेच लक्षात येईल. मी यांच्याकडे आले होते. चार गुरुवार.

आमचं घर वन बीएचके. हॉलमध्ये बाबांची मालिका, बेडरूममध्ये धाकट्याचा अभ्यास, स्वयंपाकघरात आई. पहिल्या गुरुवारी मी गॅलरीत बसले, तर समोरच्या विंगमधल्या वहिनी हात हलवायला लागल्या. पुढच्या वेळी "ऑफिसचा कॉल आहे, रेंज नाही" सांगून खाली पार्किंगमध्ये बाबांच्या गाडीत जाऊन बसले. मोबाइल स्टिअरिंगला टेकवला, वरचा दिवा लावला. बरं दिसत होतं हो! फक्त एसीसाठी गाडी चालू ठेवायची तर बाबांना पेट्रोलचा काटा कळणार, म्हणून काचा बंद, ऑक्टोबरचा उकाडा, आणि मी कुर्ता नीट, चेहऱ्यावर पावडर आणि पाठीवरून घामाच्या धारा. तिसऱ्या फेरीत सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला. पाचव्या फेरीत वॉचमनने काचेवर टॉर्च मारला.

आणि समोर कोण, तर कोपरखैरण्याचा एक मुलगा, तोही गाडीत! त्याच्या मागे सीटबेल्टचा हुक दिसत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि जे हसत सुटलो की पहिली घंटा होईपर्यंत नाव-गाव-नोकरी काही विचारलंच नाही.

लग्न वगैरे नाही झालं. तीन-चार महिने बोलत होतो, एकदा वाशीच्या मिनी सीशोरला भेटलो, मग आपोआप थांबलं. पण त्याआधी मी घरच्यांनी आणलेली सहा स्थळं बघितली होती आणि त्या सहांतल्या एकाचाही चेहरा मला आज आठवत नाही. याचा आठवतो. हुकासकट.

तक्रार एकच. आठव्या मुलानंतर मला कोण काय म्हणालं ते लक्षात राहायचं नाही. बोरीवलीच्या माणसाला मी त्याच्या डोंबिवलीबद्दल विचारलं होतं.

---

घोडबंदरचा_वाटसरू

@सीवूड्सची_सुगरण, आठवतंय! म्हणजे तुम्ही नाही, "पंपाचा आवाज येतो, त्याचं काही करता येईल का" हा अभिप्राय. आम्ही दोन दिवस आवाज गाळायच्या सेटिंगशी झटापट करत होतो. पार्किंग डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर आम्ही नोंदणीच्या पानावर एक ओळ घातली होती: "गाडीत, गच्चीत, जिन्यात बसून आलात तरी चालेल." ती वाचून एका मुलीने विचारलं, देवळात चालेल का. तिच्या घरी संध्याकाळी उशिरा बाहेर पडायला तेवढंच कारण चालायचं.

आठव्यानंतर दमायला होतं हे तंतोतंत खरं. नंतर आम्ही सहा फेऱ्या, मग चहाला दहा मिनिटं, मग सहा असं केलं. त्या दहा मिनिटांनंतर बरेचजण परत यायचेच नाहीत, ही वेगळी गंमत.

---

शंकासुर_४००६०१

गोड गोड चाललंय म्हणून मुद्दाम विचारतो. चॅटरूलेट नावाचा प्रकार २००९ मध्ये मॉस्कोच्या एका सतरा वर्षांच्या पोराने काढला होता. अनोळखी माणसाशी व्हिडिओ. लवकरच लोकांनी तिथे काय दाखवायला सुरुवात केली ते सगळ्यांना माहीत आहे. ओमेगल त्याच वर्षीचं, ते २०२३ च्या नोव्हेंबरात बंद करावं लागलं. तुमच्याकडे असं झालं नाही यावर माझा विश्वास नाही. आणि समोरच्याने पडदा रेकॉर्ड केला तर? आयटी कायद्याचं कलम ६६ई खासगी अवयवांच्या चित्रणासाठी आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण साधा चेहरा आणि बोलणं कुणी टिपून मित्रांच्या ग्रुपवर टाकलं तर ते कलम उपयोगाचं नाही.

---

घोडबंदरचा_वाटसरू

@शंकासुर, झालं. एकदा. सातव्या गुरुवारी एक गृहस्थ उघडेच बसले होते. कमरेच्या वर, पण मुद्दाम. समोरच्या मुलीने लाल बटण दाबलं, चार सेकंदांत पडदा काळा झाला आणि त्यांचं खातं बंद. मी स्वतः तिला फोन केला. ती शांत होती, म्हणाली, "बटण होतं म्हणून बरं. लोकलमध्ये बटण नसतं." दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा मेल आला की घरी पंखा बंद होता.

आमच्याकडे ओळखपत्र तपासल्याशिवाय कुणी आत येत नव्हतं, म्हणून निदान माणूस कोण हे ठाऊक होतं. चॅटरूलेटवर तेच नव्हतं. पण रेकॉर्डिंगचं तुम्ही म्हणता ते बरोबर. ॲपमधून स्क्रीनशॉट अडवता येतो, शेजारी दुसरा मोबाइल धरला तर काही करता येत नाही. आम्ही हे नोंदणीच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, खाली सायबर हेल्पलाइनचा नंबरही. ते वाचून काही मुली आल्याच नसतील. पण न लिहिता बोलावणं मला जमलं नसतं.

अजून एक. केंद्र सरकारने २०१६ मध्ये विवाहजुळणीच्या संकेतस्थळांना सूचना दिल्या होत्या: ओळखपत्र घ्या, आणि हे डेटिंगचं संकेतस्थळ नाही असं ठळक लिहा. आता आम्ही कोण? "स्पीड डेटिंग" म्हटलं की पैसे स्वीकारणारी कंपनी तोंड फिरवायची, "विवाह" म्हटलं की मुलं पळायची. शेवटी फॉर्मवर "परिचय" लिहिलं. या एका शब्दाने निम्मी दारं उघडली.

---

अर्धवट_अर्थतज्ज्ञ

पैशाचं कुणी बोलत नाहीये. मुलांकडून घ्यायचे आणि मुलींना फुकट, हाच ना धंदा?

आणि एवढ्या मोठ्या फेसबुकनेही हे करून पाहिलं होतं. स्पार्क्ड नावाने, २०२१ च्या एप्रिलमध्ये. पहिली भेट ४ मिनिटांची, पटलं तर दुसरी १० मिनिटांची. आत यायच्या आधी आपण किती दयाळू आहोत ते लिहून द्यायचं. २०२२ च्या जानेवारीत गाशा गुंडाळला. त्यांना जमलं नाही तर घोडबंदर रोडवरच्या तिघांना काय जमणार होतं?

अवांतर: यावर एक झकास अभ्यास आहे. फिंकेल आणि ईस्टविक, २००९. स्पीड डेटिंगमध्ये बायका बसून राहतात आणि पुरुष टेबलं बदलत फिरतात. तेव्हा पुरुष पटापट होकार देतात, बायका चोखंदळ. यांनी काही ठिकाणी बायकांना फिरायला लावलं, आणि तो फरक उरला नाही. जो उठून समोरच्याकडे चालत जातो तो आपोआप नरमतो. आता मुलीकडे पोहे खायला कोण जातं ते आठवा. व्हिडिओत तर कुणीच उठत नाही, मग तिथे काय होतं?

---

घोडबंदरचा_वाटसरू

@अर्धवट, व्हिडिओत दोघंही बसलेले, म्हणून दोघंही चोखंदळ, असं मला वाटत आलंय. अभ्यास नाही, आमच्या खुणा मोजून आलेलं मत.

मुलींना फुकट आम्ही ठेवलं नाही. एकीने सुनावलं होतं, "फुकट असेल तिथे मीच विकायला ठेवलेली असते." सगळ्यांना ९९ रुपये अनामत, आलात तर परत. कारण आमचा शत्रू पैसा नव्हता, गैरहजेरी होती. नाव नोंदवणारे २४, रात्री ९ ला हजर १५. पाऊस पडला तर ११. अनामत घेतल्यावर जरा सुधारलं.

बंद का पडलं ते एका गुरुवारवरून सांगतो. १७ मुलगे, ९ मुली. प्रत्येक फेरीत ८ मुलगे "कृपया थांबा" या पाटीकडे बघत बसणार. शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं तसे, फक्त रिक्षा येत नाही. सगळ्यांची गाठ घालायची तर १७ फेऱ्या, दोन फेऱ्यांमधला अर्धा मिनिट धरून दीड तासाच्या वर. तेवढा वेळ त्या ९ मुलींनी एकामागून एक मुलाखती द्यायच्या. कोण देईल? बाराव्या फेरीला थांबवलं. ज्या मुलांची गाठच पडली नाही ते चिडले, ज्या मुली दमल्या त्या पुढच्या गुरुवारी आल्या नाहीत, मग पुढच्या वेळी १६ आणि ६. हे एकदा सुरू झालं की कोडने थांबत नाही. ज्यांचं जमायचं तेही जायचे. दुकान चांगलं चाललं तरी गिऱ्हाईक जाणार, वाईट चाललं तरी जाणार.

---

मंडळवाल्या_काकू

नमस्कार. मुलाने धागा दाखवला म्हणून लिहिते. ठाण्यात बावीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवते. चूकभूल द्यावी घ्यावी, टंकायची सवय नाही.

वाटसरू, तुम्ही ५ मिनिटं देत होता हे वाचून मला हसू आलं. आमच्या मेळाव्यात एकेकाला एक मिनिट. स्टेजवर यायचं, छातीवर नंबर, माइक धरायचा, नाव, शिक्षण, पगार, उंची, अपेक्षा. अपेक्षा काय, तर "अनुरूप". बावीस वर्षांत "अनुरूप" सोडून दुसरा शब्द क्वचित ऐकला. मुलांचे हात थरथरतात. समोर पहिल्या चार रांगांत आईवडील, मांडीवर सूची, हातात पेन. खुणा ते करतात, मुलं नाही. जेवणाच्या वेळेला मुलं एकमेकांशी बोलतील म्हणून आम्ही टेबलं मांडली, तर मुलगे एका बाजूला, मुली एका बाजूला, आणि मधे आया.

मला एक सांगा. घंटेने काय फरक पडला म्हणालात, ते राहिलंच.

---

घोडबंदरचा_वाटसरू

काकू, नमस्कार. तेच सांगायला धागा काढला आणि तेच राहिलं.

मी स्वतः पोहे खायला चार घरी गेलोय. चारही वेळा पहिल्या दोन मिनिटांत मला आणि तिलाही कळलेलं होतं की हे व्हायचं नाही. पण उठणार कसं? चहा यायचा असतो. मग "तुम्ही दोघं जरा गच्चीत बोलून या". मग तिचे बाबा त्यांच्या कंपनीतली गोष्ट सांगतात. मग निघताना दारात अजून पंधरा मिनिटं. तिकडून निरोप यायला आठ दिवस, तेवढे दिवस दोन्ही घरांत कुणी कुणाशी नीट बोलत नाही. नकार द्यायचा कुणी, यातच सगळा जीव जातो.

घंटा वाजली की उठायचं कारण आपोआप मिळतं. त्यात कुणाचा अपमान नाही. आणि संपणार हे ठाऊक असल्यामुळे माणसं सैल बोलायची. बझर होता तेव्हा लोक शेवटी दचकायचे. टोल लावल्यावर पहिल्या घंटेनंतरचं एक मिनिट सगळ्यात खरं असायचं. आम्ही कुणाचं बोलणं ऐकत नव्हतो, हे अभिप्रायात आलेलं: "पहिली घंटा झाली की तो म्हणाला, खरं सांगतो, आईने बसवलंय." "पहिली घंटा झाल्यावर तिने विचारलं, तुम्हाला खरंच ट्रेकिंग आवडतं का सगळे लिहितात म्हणून लिहिलंय." पहिल्या चार मिनिटांत असलं कुणी बोलत नव्हतं.

आम्ही व्हिडिओचं दुकान काढलं होतं, पण लोक घंटेसाठी येत होते. हे कळेपर्यंत पैसे संपले.

---

नौपाड्याची_नात

"खरं सांगतो, आईने बसवलंय." हे वाक्य माझ्या नवऱ्याने मला लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं. घंटा नव्हती ना.

---

खाडीपलीकडचा

कोड अजून असेल तर रिलेचं मी बघतो. पैसे नकोत, हौस.

---

मंडळवाल्या_काकू

वाटसरू, तुमचं ते मोबाइलचं राहू द्या. तुळशीच्या लग्नाआधी आमचा मेळावा आहे. हॉल ठरलाय, वरचा मजलाही आपल्याकडेच आहे. आईवडील खाली स्टेजसमोर बसतील, सूची वाचतील. मुलं वर. बारा टेबलं, चोवीस खुर्च्या. फिरायचं कुणी ते चिठ्ठी टाकून ठरवू, या वेळी मुलींना फिरवू म्हणते. तुम्ही फक्त येऊन पद्धत लावून द्या.

---

घोडबंदरचा_वाटसरू

काकू, नक्की येतो. टोल पण आणू का?

---

मंडळवाल्या_काकू

आणा. पण वाजवणार मी. बावीस वर्षं "वेळ संपली हं बाळ" म्हणून माझा घसा गेलाय.

---

नौपाड्याची_नात

काकू, पोहे आहेत ना?

---

मंडळवाल्या_काकू

साबुदाणा वडा आहे. पोहे मुद्दाम ठेवले नाहीत.